खातूनबीचा अरबी कागद

दिगंबर वानखडेनं आयुष्यात पुष्कळ पोस्टकार्डं लिहिली. त्यातलं एक परत मिळालं असतं, तर त्यानं ते तिथल्या तिथं फाडलं असतं आणि वर पेटीच्या तोंडाशी उभं राहून पोस्टमनची माफी मागितली असती. कार्डावर मजकूर तरी किती? चार ओळी. 'ती. बाबांस शि. सा. नमस्कार. येत्या रविवारी माझा मित्र माझ्यासोबत एक दिवस नेरला येत आहे. तो परदेशाहून शिकायला आला असून अरबी बोलतो. त्याला कापसाची पऱ्हाटी पाहायची आहे. दुपारी जेवून संध्याकाळच्या बसने परत जाऊ. फार काही करू नये.'

'फार काही करू नये' हे वाक्य वऱ्हाडात आजवर कोणी मनावर घेतलेलं नाही. ते लिहिणाऱ्यानं नम्रतेनं लिहायचं आणि वाचणाऱ्यानं त्याचा अर्थ 'बँड सोडून बाकी सगळं करा' असा घ्यायचा, अशी रीत आहे.

मित्राचं नाव इद्रिस. सुदान देशातल्या, नाईल नदीकाठच्या एका गावचा. बाप कापूस पिकवणारा. सरकारी शिष्यवृत्तीवर तो अमरावतीच्या शेतकी कॉलेजात बोंडअळीचा अभ्यास करायला आला होता आणि दिगंबरच्या खोलीत राहत होता. हिंदी तो सिनेमातून शिकला होता. त्यामुळे मेसच्या आचाऱ्याजवळ भाजी मागतानासुद्धा त्याची भाषा नायिकेच्या बापासमोर उभं राहिल्यासारखी असायची. पण दिवाळीपासून त्याच्या घरचं पत्र आलं नव्हतं. पोस्टमन येण्याच्या वेळी तो फाटकाशी जाऊन उभा राही आणि हात हलवत परत येई. जेवण अर्ध्यावर आलं, सिनेमा बंद झाला. एकदा तर तो कॉलेजच्या शेतातल्या एका पऱ्हाटीशी अरबीत काहीतरी बोलताना दिगंबरनं पाहिला. तेव्हा दिगंबर म्हणाला, "चल, एक दिवस आमच्या घरी. कापूस सगळीकडं सारखाच असतो." इतकं साधं होतं ते. एका खिन्न मित्राला एक दिवस मोकळ्या हवेत न्यायचं, आईच्या हातची भाकर खाऊ घालायची आणि परत आणायचं. बासष्ट सालचा जानेवारी होता, हवा छान होती, बिघडण्यासारखं त्यात काही नव्हतं.

पण दिगंबरचे वडील किसनराव हे निवृत्त हेडमास्तर. आलेलं प्रत्येक पत्र ओट्यावर बसून खणखणीत आवाजात वाचायचं, ही त्यांची शाळेपासूनची सवय. ऐकायला शेजारचे रामराव. रामराव पूर्वी कापसाची दलाली करत. ती सुटल्यावर ते फुकट सल्ला देण्याचा धंदा करत आणि तो तेजीत होता. 'अरबी बोलतो' एवढे दोनच शब्द त्यांनी नेमके उचलले. बुधवारी नेरच्या बाजारात अरबस्तानचा माणूस येणार असल्याची बातमी होती. गुरुवारी तो मक्केचा झाला. शुक्रवारी त्याला पांढरी दाढी फुटली, आणि शनिवारपर्यंत तो उंटावरून येतो की बसनं, यावर पानठेल्यावर पैज लागली होती. किसनरावांनी सर्वांना कार्ड दाखवून खुलासा केला. पण ज्यांना वाचता येतं त्यांना खुलासा नको असतो, आणि ज्यांना खुलासा हवा असतो त्यांना वाचता येत नाही, हे तीस वर्षं मास्तरकी करूनही त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

रविवारी बस पंक्चर होऊन दहाला पोचली. स्टँडवर शे-दीडशे माणूस जमलेलं. दिगंबरला आधी वाटलं कोणी मंत्री येतोय. इद्रिस खाली उतरला. सहा फूट उंच, काळाभोर, गुळगुळीत दाढी केलेला, अंगात आईनं विणलेला निळा स्वेटर. गर्दी त्याच्या खांद्यावरून मागे बसच्या दाराकडे बघत राहिली.

"पाहुणा कुठी हाय?" रामरावांनी हार सावरत विचारलं.

"हाच काका."

गर्दी एक क्षण हिरमुसली. हा तर दिसायला आपल्यातलाच, उन्हात रापलेला माणूस. दोन वर्षांत इद्रिसला अशा नजरांची सवय झाली होती. तो नुसता हसला आणि म्हणाला, "अस्सलामु अलैकुम." त्यातला 'ऐन' हा अरबी वर्ण त्याच्या घशातून असा काही खोल निघाला की गर्दीला एकदम धीर आला. माल अस्सल होता. रामरावांनी हार घातला.

गावच्या मशिदीचे पेशइमाम रहेमान मियाँ पुढे झाले. वय सत्तर, डोळ्यांत मोतीबिंदू. मुलांना कुराण वाचायला शिकवण्यात त्यांचा जन्म गेला होता. सगळा गाव त्यांच्याकडे बघू लागला, कारण आता दोन अरबी जाणणाऱ्यांचं बोलणं ऐकायला मिळणार होतं. रहेमान मियाँनी डोळे मिटून कुराणातली एक आयत म्हटली. इद्रिस गोंधळला. पण वडील माणूस बोलतोय म्हणून त्यानं हात जोडून, तब्येत कशी आहे, असं अरबीत विचारलं. मियाँनी दुसरी आयत म्हटली. इद्रिस 'आमीन' म्हणाला. गाव तृप्त झाला. रहेमान मियाँच्या कपाळावर मात्र जानेवारीतही घाम होता. त्यांनी दिगंबरला बाजूला घेऊन विचारलं, "परतीची बस कितीची हाय बेटा?"

"पाचची."

"दोनची बी असते ना? पाहुण्याले उशीर नको कराले."

दिगंबरला वाटलं, किती काळजी आहे म्हाताऱ्याला. तो फार चुकला, पण ते त्याला संध्याकाळी कळलं.

मग जमादार प्रेमसिंग आडवे आले. परदेशी माणूस हद्दीत आला म्हणजे नोंद हवी. त्यांनी खिशातून वही काढली, पेन्सिल जिभेवर ओली केली आणि देश विचारला. सुदान म्हटल्यावर वहीच्या मागं लिहिलेल्या देशांच्या यादीवर बोट फिरलं. "हे नाव नाई हाय यादीत. जवळपासचा कोणता देश चालन?"

इद्रिसचा चेहरा उतरला. आपला देश छप्पन साली स्वतंत्र झाला, त्याला झेंडा आहे, तो दुसऱ्या कोणाच्या नावावर जाणार नाही, असं त्यानं नायकाच्या हिंदीत ठणकावलं. जमादारांना उलट त्याची माया आली. "आमचं बी तसंच हाय ना भाऊ. छप्पन सालापर्यंत आमी मध्य प्रदेशात होतो. मंग मुंबई राज्यात गेलतो. आता महाराष्ट्रात हाओ. घर तेच, वावर तेच, अन् माह्या पट्ट्यावरचं बक्कल अजून पयल्या राज्याचंच हाय." त्यांनी स्वतःच्या हातानं यादीत एक देश वाढवला. इद्रिसनं त्यांचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. त्या दिवसातली ही एकच गोष्ट नीट पार पडली.

घरी पोचेस्तोवर अकरा वाजले. दिगंबरच्या आईनं, वच्छलाबाईंनी, पाहुण्याला कोणत्या ताटात वाढायचं याची आदल्या दिवशी बरीच चिंता केली होती. मुसलमान पाहुण्यासाठी बाहेरच्या कोनाड्यात वेगळी कपबशी ठेवायची, असं त्यांच्या सासूपासून चालत आलेलं. पण पोरगा आईला सोडून दोन वर्षं परमुलखात आहे, हे कळल्यावर त्यांनी ती कपबशी उचलून फडताळाच्या मागं सारली आणि घरातलं पितळी ताट घासून ठेवलं.

सल्लागार मात्र ओट्यावर जमलेच. रामरावांचं म्हणणं पडलं, की वाळवंटातल्या माणसाला ऊन लागत नाही पण थंडी लागते. म्हणून भर दुपारी इद्रिसच्या अंगावर दोन गोधड्या आल्या. अरबांचं जेवण म्हणजे खजूर, हे कोणीतरी ठामपणे सांगितलं, म्हणून भाकरीआधी खजूर आला. मग मन्सूर मेकॅनिक त्याला आपल्या घरी घेऊन गेला, तिथं खजूर. तेल्याच्या घरी खजूर. शाळेत खजूर. 'मेहमान का दिल नहीं तोड़ते' हे वाक्य सिनेमात ऐकलेलं असल्यामुळे इद्रिस सगळीकडे खात गेला. सातव्या घरी तो दिगंबरच्या कानाशी लागून म्हणाला, की माझ्या देशात एवढा खजूर मी वर्षाकाठी खात नाही, मला फक्त तू सांगायचास तो तुझ्या आईचा लाल ठेचा हवा होता. नेरच्या बाजारातला खजूर त्या दिवशी संपला. आणि या सगळ्यात रहेमान मियाँ काठी टेकत मागे मागे. कुठल्या बोळातून जायचं हे तेच ठरवत होते. "इकडून चिखल हाय, तिकडून चाला." जानेवारीत नेरला चिखल? पण दिगंबर खजुरानं आणि शरमेनं इतका जड झाला होता, की त्यानं विचार केला नाही.

तीन वाजता कुठं ते वावरात पोचले. इद्रिसनं बूट काढले. वेचणीला आलेल्या पऱ्हाटीच्या दोन ओळींमधल्या तासात तो खाली बसला. एक बोंड त्यानं हातात घेतलं, कापूस बोटांनी हलकेच ओढून त्याच्या धाग्याची लांबी पाहिली. "माझा बाप असंच करतो," तो म्हणाला. मग दूर वेचणाऱ्या बायांकडे बघत राहिला. "आई पण अशीच ओटी बांधून वेचते. तिला लिहिता येत नाही. बाजारात एक लिहिणारा बसतो, त्याच्याकडून ती पत्र लिहवून घेते. आलेलं पत्र तोच वाचून दाखवतो. ती काय सांगते आणि तो काय लिहितो, मला काय ठाऊक? दिगंबर, ती आजारी असली तरी तो 'सगळं ठीक' लिहील. चांगला माणूस आहे तो." दिगंबरनं तुरीच्या दोन शेंगा तोडून त्याच्या हातावर ठेवल्या. दिवसभराच्या सहलीतली सहल म्हणावी, तर ही पंधरा मिनिटं.

चारला ते परत निघाले तेव्हा वच्छलाबाई रस्त्यात उभ्या. हातात भाकरीचं गाठोडं. "खातूनबीले भेटल्याबिगर कसे जाता? सकाळपासून तीन डाव निरोप धाडला तिनं."

"बस चुकेल वहिनी," रहेमान मियाँ घाईनं म्हणाले.

"पाचची हाय ना? रस्त्यावरच तं हाय दुकान."

खातूनबीचं बांगड्यांचं दुकान म्हणजे तिच्या घराची पुढची खोली. गावातल्या यच्चयावत बायकांच्या हातांचं माप तिला तोंडपाठ होतं. नवरा गुलाम नबी खेड्यापाड्यांतून बांगड्यांची पेटी घेऊन हिंडायचा. चोपन्न साली तो हजला गेला, मुंबईहून जहाजानं. सोबतचे लोक परत आले ते सांगत, की गुलाम नबीला ताप होता, तो मागं राहिला, पुढच्या जहाजानं येईल. त्या डिसेंबरात तिकडून एक लिफाफा आला. आत एकच कागद, भरभर लिहिलेल्या अरबी अक्षरांनी भरलेला. तो सगळ्या गावात एकच माणूस वाचू शकणार होता. रहेमान मियाँनी कागद डोळ्यांशी धरला, बराच वेळ धरला, आणि म्हणाले, "बिस्मिल्ला हाय. दुवा हाय. अल्ला के घर का कागज हाय." तेव्हापासून गाव धरून चालला, की गुलाम नबी तिथंच राहिला, मक्केत सेवा करतो. राहतात असे कोणी कोणी. किसनराव दरवर्षी तिच्यासाठी इंग्रजीत पत्ता घालून पत्र टाकत. उत्तर आलं नाही, पण पुण्यवान माणसाला सवड कुठं असते?

खातूनबीनं कागदाला चौकट करून घेतली आणि दुकानात टांगली. मग तापलेल्या पोरांची कपाळं त्या काचेला लागू लागली. तांड्यावरची रुपीबाई नातवाला घेऊन चार कोस चालत आली आणि नातू बरा झाला. मन्सूरनं नवी मोटर आणली तेव्हा तिची किल्ली काचेला लावली. खुद्द दिगंबरला मॅट्रिकच्या वेळी आईनं इथं आणलं होतं. त्यानं डोळे मिटून काचेला कपाळ टेकलं होतं आणि तो दुसऱ्या वर्गात पास झाला होता. बीजगणित धरून.

दुकानात संक्रांतीची गर्दी होती. पुढच्याच रविवारी संक्रांत, त्यामुळे बायका बांगड्या भरायला बसलेल्या. पाहुण्याला पाहून त्या भिंतीशी सरकल्या; मागून आलेल्या वच्छलाबाईही त्यांच्यात बसल्या. खातूनबी पन्नाशीची, बारीक, दोन्ही हातांत कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या. तिनं चौकट आधीच खाली उतरवून काच पुसून ठेवली होती.

"बस बापू," ती इद्रिसला म्हणाली. "साऱ्यायनं तुले खाऊ घातलं. मले काई नाई लागत. इतकं वाचून दे. दुवा हाय हे मले मालूम हाय. पण काय दुवा हाय, ते आयकाचं होतं एक डाव."

रहेमान मियाँ उंबऱ्यावरच खाली बसले.

इद्रिसनं चौकट मांडीवर घेतली. पहिली ओळ मोठ्यानं वाचली. सगळ्यांच्या माना झुकल्या. दुसऱ्या ओळीला त्याचा आवाज उतरला आणि तिसऱ्या ओळीला थांबला. पुढचं त्यानं मनात वाचलं. शेवटाला आला आणि पुन्हा वरून वाचू लागला. मग त्यानं दिगंबरकडे न बघता, हळू आवाजात, इंग्रजीत सांगितलं. हे पत्र नाही. तिकडच्या एका इस्पितळातल्या कारकुनानं धाडलेली नोंद आहे. हा माणूस वारला आहे. हज झाल्यावर, तापानं, मुहर्रमच्या तीन तारखेला. तिकडंच पुरला आहे.

दिगंबरला आठवलं ते आपलं कपाळ. त्याच काचेवर टेकलेलं. सात वर्षं सगळ्या गावानं एका मरणाची बातमी डोक्याला लावून पोरं बरी केली होती, आणि ती जिची होती तिनं रोज सकाळी ती फडक्यानं पुसली होती. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत होते. इंग्रजी कळणारा तिथं तो एकटा. आता जे काही बोलायचं ते त्यालाच बोलायचं होतं.

"चाचा खुशाल हायेत," तो म्हणाला. आवाज आपला नसल्यासारखा त्याला वाटला. "तिथंच सेवेत हायेत. साऱ्यायले सलाम सांगतला."

बायका खुशीत कुजबुजल्या. रहेमान मियाँनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला.

"कवा येतो म्हंते?" खातूनबीनं विचारलं.

"ते नाई लिहिलं."

"असं कसं होईन?" ती हसली. "तो पेटी घेऊन निघे तरी इतवारी जातो, बुधवारी येतो, असं सांगून निघे. तारखेबिगर त्यानं कदी उंबरा नाई ओलांडला. असन बापू. नीट पाय."

इद्रिसला मराठी जेमतेमच कळायची, पण 'खुशाल' त्याला कळलं होतं. त्यानं दिगंबरचा दंड धरला. "तूने क्या बोला?" दिगंबर इंग्रजीत म्हणाला, आत्ता नको, बसमध्ये सांगतो, चल. इद्रिस उठला नाही. "मेरी अम्मा को भी पढ़ना नहीं आता," तो म्हणाला. मग चौकट बाजूला ठेवून तो खातूनबीसमोर उकिडवा बसला, आणि सिनेमातून शिकलेली ती सगळी भाषा त्यानं त्या दिवशी पहिल्यांदा खऱ्या कामासाठी वापरली. "अम्मा, दिगंबर ने झूठ बोला. मुझे माफ करो. गुलाम नबी साहब का इंतकाल हो गया है. मुहर्रम की तीन तारीख को. सात साल हो गए."

खातूनबीनं चौकट उचलून पुन्हा त्याच्यासमोर धरली. तिनं विचारलं, "और क्या लिखा है?"

"सामान लिखा है. एक कंबल. एक चश्मा. तांबे का लोटा. काँच की चूड़ियाँ, बारह. उसमें एक टूटी हुई."

"कोणत्या रंगाच्या?"

इद्रिसनं कागद पुन्हा पाहिला. रंग लिहिलेला नव्हता.

"अन् माप?"

मापही नव्हतं. "माप नाई लिहिलं," खातूनबी भिंतीशी बसलेल्या बायकांकडे वळून म्हणाली. "बांगड्या लिहिल्या अन् माप नाई लिहिलं. असं कोणी लिहिते काय वो?"

तेव्हा उंबऱ्यावरून रहेमान मियाँ बोलले. "खातून, कुराण मले पाठ हाय, पण अरबी समजत नाई. तो कागद मले वाचता नाई आला. वरची बिस्मिल्ला तेवढी दिसली. बाकीचं लिखाण कारकुनी, अक्षरायवरचे नुकते बी धड नाई. साऱ्या गावानं माह्याकडे पाह्यलं. मले येत नाई, इतकं बोलाची लाज वाटली. मंग रोज वाटे, आता सांगतो. रोज उशीर होत गेला." झाकली मूठ सव्वा लाखाची, म्हणतात. त्या म्हाताऱ्यानं सात वर्षं ती मूठ आवळून धरली होती, आणि आता उघडली तर तिच्यात काहीच नव्हतं.

खातूनबीनं हातातल्या बांगड्या उतरवायला घेतल्या. फोडल्या नाहीत. हाडाची कासारीण ती, अंगठा आत दुमडून एकेक बांगडी सरळ काढत गेली. "उद्यापासून इद्दतीत बसन मी," ती म्हणाली; नवऱ्यामागं विधवेनं घरात राहून पाळायचा तो दुखवटा. "चार महिने दहा दिवस. वच्छला, तुह्या संक्रांतीच्या बांगड्या आजच घेऊन जाय."

रहेमान मियाँची मान वर होईना. पण आता खोटं बोलायची त्यांची ताकद संपली होती. "इद्दत मौतीच्या दिवसापासून मोजतात, खातून. खबर कवा बी लागो. तो कागद आला तवा महिना बाकी होता. पंचावन सालच्या संक्रांतीच्या आतच पुरी झाली ती. आता तुले बसाची गरज नाई. उद्या दुकान उघडाले शरियतची काई हरकत नाई."

"त्या संक्रांतीले," खातूनबी सावकाश म्हणाली, "मी साऱ्या गावाले बांगड्या भरून राह्यली होती." तिनं आपल्या उघड्या हातांकडे पाहिलं. "म्हंजे माह्यावालं रडणं बी होऊन गेलं काय? मले न सांगता?"

रामरावांसारखा माणूस दाराशी उभा होता, पण त्या दिवशी त्यांनी सल्ला दिला नाही. निघताना दिगंबरनं चौकट उचलून आत न्यावी म्हणून हात घातला, तर ती म्हणाली, "राहू दे बापू. त्याचं म्हून तेवढंच एक आलं हाय."

पाचची बस मिळाली. दिगंबरच्या मनात होतं, की ती चुकली असती तर बरं झालं असतं, आणि परत आईसमोर जावं लागलं नाही हेही बरंच झालं. इद्रिसनं गळ्यातला हार काढून मांडीवर ठेवला होता. वाटेत माहुलीच्या थांब्यावर तो म्हणाला, "मी बरोबर केलं का?" दिगंबर म्हणाला, "माहीत नाही." त्याच आठवड्यात इद्रिसला घरचं पत्र आलं, जाडजूड. त्यानं ते उघडायला दोन दिवस लावले. आत सगळं ठीक होतं, असं लिहिलं होतं.

मे महिन्यात किसनरावांचं पत्र आलं. आधी घरची खुशाली, पावसाचा अंदाज, रामरावांच्या दाढदुखीचा सविस्तर वृत्तांत, आणि मग खाली, हेडमास्तरी वळणाच्या अक्षरांत, पुढचा मजकूर.

खातूनबीनं दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं होतं. शरियतची हरकत नव्हती म्हणून. ती सकाळी येऊन बसली. पण बांगड्या भरायला कोणी गेलं नाही. संक्रांत आली, हळदीकुंकवं झाली, नेरच्या बायका जुन्या बांगड्यांनीच वाण देत फिरल्या. कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. वच्छलाबाईंच्या उजव्या हातातल्या दोन फुटल्या, तर त्यांनी उरलेल्या वाटून दोन्ही हातांत सारख्या केल्या. वैशाखात दोन लग्नं निघाली. त्यांनी काही तारखा पुढं ढकलल्या नाहीत, तेवढं कोणी करत नाही, पण नवरीमुलींचा हिरवा चुडा मामाच्या गावाहून भरून आला. खातूनबी उघड्या दुकानात रोज बसायची, समोर बांगड्यांच्या लडी, आणि दिवसभर कोणी नाही. तिच्या मागच्या दाराशी कोणी ज्वारीचं पीठ ठेवून जाई, कोणी तुरीची डाळ. पहिले आठ दिवस तिला वाटलं, आपलं काही चुकलं. नवव्या दिवशी तिला कळलं, आणि मग ती नुसती बसू लागली. रहेमान मियाँ रोज दुपारी येऊन बाहेरच्या पायरीवर बसत. आत जात नसत. एके दिवशी तिनं त्यांना पाणी दिलं.

'चार महिने दहा दिवस मी कॅलेंडरवर मोजून ठेवले होते,' किसनरावांनी लिहिलं होतं. 'एकशे तिसाव्या दिवशी सकाळी तुझी आई लुगडं बदलून निघाली. मी ओट्यावरून पाहत होतो. तिच्या मागं एकेक दार उघडलं. ती दुकानात जाऊन बसली आणि तिनं दोन्ही हात पुढं केले. खातूनबीनं तिचा हात हातात घेतला. माप विचारलं नाही, ते तिला पाठच आहे. पहिली बांगडी चढवली, आणि त्यानंतर ती रडली. पुष्कळ वेळ रडली. तोवर तुझ्या आईनं हात तसाच धरून ठेवला होता. तुझ्या मित्राला हे कळव.'